अर्ध्या भरलेल्या बाटल्या

३ मार्च, सोमवार

आज लॅबमध्ये साहेबांशी भांडलो. भांडलो म्हणजे काय, मी बोललो आणि ते चष्मा पुसत बसले.

त्या काळपट तेलाचा निकाल चांगला आला म्हणे. तेल पाण्यात ढवळायचं, वर तरंगू द्यायचं, खालचं पाणी काढून बाटल्यांत भरायचं आणि त्यात पाण्यातल्या बारीक पिसवा सोडायच्या. मेल्या, तर ड्रमवर मेलेल्या माशाचं चित्र लागतं. सगळ्या जगल्या. म्हणजे चित्र नाही, कंपनी खूश, आणि ती — शेजारच्या टेबलावरची, चाचणी तिची — या अहवालावर नोकरीत कायम.

मला आनंदच व्हायला हवा. पण बाटल्या अर्ध्याच भरलेल्या होत्या! या तेलात एक पदार्थ नाही, शेकडो आहेत. त्यातले हलके वरच्या मोकळ्या जागेत उडून जातात, पाण्यात विष राहतच नाही. बाटली काठोकाठ भरून बूच घट्ट लावायचं, हे पहिल्या दिवशी तिनेच शिकवलं मला. आणि चित्र नसलं की तेच ड्रम लोक ओढ्यात धुतात.

साहेब म्हणाले, "याच जातीच्या दुसऱ्या तेलाचा निकाल बघ. तोही चांगलाच आहे. शितावरून भाताची परीक्षा."

"भांडं तरी एकच हवं ना, साहेब."

"कॉलेज अर्धवट सोडलेल्याने अर्ध्या बाटल्यांवर बोलू नये."

असा संताप आला!

४ मार्च

ती दिवसभर बोलली नाही. निळा ड्रेस.

५ मार्च

एक बाटली स्वतः भरली. काठोकाठ, बूच घट्ट. शेजारी साध्या पाण्याची ठेवली. दोन्हींत पिसवा सोडल्या. कुणाला सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

सगळ्या तळाशी. बाटली हलवली तरी एकीची हालचाल नाही. साध्या पाण्यातल्या टुणटुणीत.

तशीच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली. मग म्हणाले, "चाचणी पुन्हा करू. पण त्या बाटल्या अर्ध्या कुणी भरल्या, ते मला वर कळवावं लागेल. त्याला इथे ठेवता येणार नाही."

ती दारातच उभी होती. चेहरा पांढराफटक. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. तोफ साहेबांवर डागली, गोळा तिच्यावर.

जिन्यात गाठलं तिने. "भडक्या, तुला काही कळतं का रे? घरात मी एकटी कमावते. घाई होती, चूक झाली."

चूक. मी मान डोलावली. कुणाच्या हातून होत नाही?

१० मार्च, सोमवार

साहेबांना सांगितलं, बाटल्या मी भरल्या.

"तू? मग गेला आठवडाभर भांडत कुणाशी होतास?"

त्यांनी माझी बाटली उचलली, मोरीत ओतली. "ज्याने एवढ्या बाटल्या बिघडवल्या, त्याची ही एक कोण खरी धरणार? आता नव्या चाचणीत येईल ते खरं."

ओळखपत्र देऊन बाहेर पडलो. ती पायऱ्यांवर आली. "वेडा आहेस," म्हणाली आणि हात धरला. खरंच धरला! "नवी चाचणी मीच करणारेय. या वेळी सगळं नीट करीन."

११ मार्च

आई म्हणते, "कॉलेज सोडलंस, नोकरी सोडलीस, आता आमचा नंबर कधी?" सांगून समजणार नाही तिला. हसतोय का, म्हणून वर आणखी बोलणी खाल्ली.

१९ मार्च

तिचा मेसेज! "कायम झाले. नवी चाचणीही मस्त, एकही मेली नाही. सगळं तुझ्यामुळे."

आईला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा वाचताना 'एकही मेली नाही'पाशी थांबलो.