ज्याच्या रानात पाणी तुंबणार

ता. नगर, ९ जून २०२५

चि. मैत्रेयी,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. काळ्या गायीला कालवड झाली. तिकडे बिहारात पाऊस सुरू झाला का, ते आधी कळव. हल्ली मी रोज सकाळी आधी तिकडच्या पावसाची बातमी शोधतो.

मागच्या आठवड्यात नेपाळहून काही बायका आपल्या गावचं पाण्याचं काम बघायला आल्या होत्या. तू ज्या बांधावर इंजिनिअर आहेस त्याच्या पलीकडच्याच, हे कळल्यावर मी हट्टाने त्यांच्यातल्या फूलमतीबाईंना आपल्याकडे उतरवलं. लेकीच्या शेजारची पाहुणी! हौस माझी, दुसरं काय.

संध्याकाळी ग्रामसभा होती. काकासाहेबाला नाल्यावर बंधारा हवाय. आपल्याकडे ज्याच्या रानात पाणी तुंबणार तो आधी बोलतो, तुला ठाऊकच आहे. मनकर्णा उठली. "काकासाहेब, तुमी मोठं मानूस. पर पानी माझ्या भुईमुगात तुंबनार. उपसाया तुमी येनार हाय का?" विषय तिथंच थांबला. काकासाहेब चरफडत घरी गेला.

फूलमतीबाईंनी हिंदीतून सगळं समजून घेतलं. मग म्हणाल्या, "गुरुजी, दोन देशांची अशी सभा कुठे भरते?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी जेवताना त्यांना भिंतीवरचा तुझा हेल्मेट घातलेला फोटो दिसला आणि हातातला घास तसाच राहिला. "हाच तो बांध. वरून येणारं पाणी इथे अडतं आणि मागे आमच्या घरात शिरतं. गेल्या साली सासू खाटेवरच गेली, बाहेर काढता आली नाही." तुझी आई उठून आत गेली. मी म्हणालो, माझी मुलगी तिथे साधी नोकरी करते, तिच्या हातात काही नाही. खरं सांग, किती आहे तुझ्या हातात?

बांधाची दारं उघडली की अलीकडची गावं बुडतात, हेही मला कळतं. मी निवाडा देत नाही. पण तिकडे काकासाहेब म्हणजे आपणच, आणि मनकर्णाला बोलायला जागाच नाही. जन्मभर पंधरा ऑगस्टला भाषणं केलेल्या माणसाला हे लिहिताना जड जातंय.

आता इतका वेळ टाळत होतो ते लिहितो. निघताना बाईंनी विचारलं, "पाणी चढायला लागलं की सांगायचं कुणाला? बांधावरच्या तुमच्या ऑफिसात फोन उचलत नाहीत. आमच्या सरकारने दिल्लीला लिहायचं, दिल्लीने पाटण्याला, तोवर पाणी छपराला लागतं." मी त्यांना तुझा नंबर दिला. तुला न विचारता.

सीमेवरच्या इंजिनिअरला पलीकडून असे फोन आले तर काय होतं? चौकशी? निलंबन? तुझी आई "पोरीची नोकरी घालवाल" म्हणून रोज सुनावते. मला झोप नाही. फोन आला तरी भीती, नाही आला तरी त्या बाईंच्या घराची भीती.

तुझ्या एकटीच्या सांगण्यावर दारं उघडत नाहीत, मला माहीत आहे. तरी फोन उचल. आणि कुणी जाब विचारला तर लपवू नकोस, नंबर वडिलांनी दिला म्हणून सांग. हे पत्र दाखवावं लागलं तर खुशाल दाखव, म्हणून नुसतं 'बाबा' न लिहिता पूर्ण नावानिशी सही करतो.

रंगनाथ दिगंबर मुळे
निवृत्त मुख्याध्यापक