कर्ण्याचा घसा आणि बाबांचा कोपरा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या बोळक्याचा वाकून नमस्कार. (दातांचा डॉक्टर होऊन माझे केस पिकले, तरी तुझ्या लेखी मी बोळक्याच, तेव्हा पत्राखाली सहीही तीच करतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची झोप? इकडे सगळे खुशाल. बाबांचं कंबरेचं हाड सांधलंय, पण पलंग काही सुटत नाही. तुझी भावजय माझ्याशी बोलते आहे. हे मुद्दाम कळवतो, कारण मध्यंतरी तशी खात्री देता आली नसती.

झालं असं, की पडल्यापासून बाबा खिडकीजवळच्या कोपऱ्यात आडवे असतात आणि दिवसभर छताकडे बघतात. ज्या माणसानं हयातभर बसस्थानकावर गाड्या पुकारल्या, त्याच्याभोवती एवढी शांतता मला बघवेना. म्हणून ठरवलं, घरात एक झकास स्पीकर बांधायचा. (विकत का नाही आणायचा, हे तुझ्या भावजयीनंही विचारलं. तिलाही उत्तर मिळालेलं नाही.) स्पीकर तीन आवाजांचा. खाली खर्जासाठी परातीएवढा, मध्ये गळ्याच्या सुरांसाठी बशीएवढा, आणि वरच्या बारीक सुरांसाठी डबीएवढं एक युनिट, ज्याला पुढून कर्णा लावायचा. कर्णा मिळाला एका बंद पडलेल्या सिनेमागृहातून. मी तो छातीशी धरून घरी आणला, तेव्हा तुझ्या भावजयीला वाटलं, बेसिन आणलं. ती आधी खूश झाली होती, हे तिचं दुर्दैव.

आता गंमत ऐक. कर्ण्याच्या अरुंद टोकाला म्हणतात घसा आणि रुंद टोकाला तोंड. मी म्हटलं, हे तर आपलंच खातं! पण सिनेमाच्या कर्ण्याचा घसा दीड इंची आणि माझ्या डबीचं भोक एक इंची. जोडावर पायरी राहिली, आणि त्या पायरीवर एकूण एक सूर ठेचकाळायला लागला. गाणारी बाई नाक चिमटीत धरून गातेय, असं वाटायचं. मग मी दातांचे साचे करायच्या प्लास्टरनं पायरी बुजवून गुळगुळीत उतार केला. बाईंचं नाक सुटलं, पण दुसरंच दुखणं वर आलं. समोरच्या खुर्चीत बसलं की स्वर्ग, आणि खुर्चीतून उठलं की बाई गायब. "बैठकीत गाते ती कोण आणि इथे कण्हते ती कोण?" तुझ्या भावजयीनं स्वयंपाकघरातून विचारलं. बाबांच्या कोपऱ्यात तर नुसता खर्ज पोचायचा. ते म्हणाले, "कुणीतरी कपडे आपटतंय वाटतं."

कारण साधं होतं, फक्त ते डोक्यात शिरायला मला वेळ लागला. बशी आपला आवाज खोलीभर पसरायची आणि कर्णा टॉर्चसारखा नाकासमोर फेकायचा. बशी जिथे गाणं कर्ण्याच्या हाती सोपवते, तिथे दोघांचा पसारा सारखा हवा, नाहीतर कोपऱ्यातल्या माणसाच्या वाट्याला अर्धंच गाणं येतं. म्हणजे कर्णा नवा हवा, बशीच्या तोडीचा, ऐसपैस तोंडाचा. सुतारानं लाकडी साचा करून दिला आणि प्लास्टर मी दवाखान्यातच ओतलं. ते वाळत असताना अक्कलदाढ काढायला एक गृहस्थ आले. टेबलावरचा तो आ वासलेला पांढरा जबडा त्यांनी पाहिला, "हा कुणाचा?" असं हळूच विचारलं, आणि मी सांगेपर्यंत ते दाढेसकट जिना उतरले होते.

पुढे रोज दुपारी मी कर्णा मांडीवर घेऊन पॉलिश पेपरनं घासत बसायचो. पांढरी धूळ उन्हाच्या पट्ट्यात चढायची, उतरायची, आणि मी घासतोय की झोपलोय, हे माझं मलाच कळेनासं व्हायचं. मध्येच कर्ण्याच्या घशाला कान लावायचो. कशालाच न जोडलेल्या त्या पोकळीतून रस्त्यावरची सायकल, शेजारचा नळ, बाबांचं कूस वळणं, सगळं पाण्याखालून आल्यासारखं यायचं. एकदा तसाच डोळा लागला. घराच्या भिंती हळूहळू बाहेर कलल्या, एकीतून दुसरी अशा खोल्या उमलत गेल्या, आणि दूर कुठेतरी बाबा पुकारत होते, "फलाट तीनवरून ढग सुटत आहेत." आपण सगळे पिशव्या घेऊन उभे होतो आणि कुणालाच घाई नव्हती. (जागा झालो तेव्हा कानाभोवती गोल वळ उठला होता. तशाच अवतारात दोन पेशंट तपासले.)

शेवटी कर्णा बसवला. तो बशीपेक्षा मोठ्यानं बोलायचा, म्हणून त्याच्या वाटेत रेझिस्टर घालून त्याला चारचौघांत वावरायची रीत शिकवली. मग गाणं लावलं आणि मी खुर्चीत बसलोच नाही. तुझी भावजय हात पुसत बाहेर आली, डोळे मिटून खोलीभर फिरायला लागली. टेबलाचा कोपरा मांडीला लागला तरी थांबली नाही. बाई कुठेच कमी होत नव्हत्या. बाबांनी छतावरची नजर काढली, मान वळवली.

"कोण आलंय?"

"कुणी नाही बाबा, स्पीकर आहे."

"असू दे. पाणी विचारा तिला."

ताई, तुझी भावजय खरंच तांब्या घेऊन आली. तो कुठे ठेवायचा, हे मात्र आम्हा दोघांनाही सुचेना.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
बोळक्या

ता. क. बाबांना आता गाणं नकोय. "पोरीचा आवाज घाल त्यात," म्हणतात. तेव्हा फोनवर काहीही बोलून ते रेकॉर्डिंग पाठव. गोडगोड बोलू नकोस, ते तुला ओळखणार नाहीत. मला रागाव. पत्र वाचून विषय सुचेलच.

ता. ता. क. स्पीकर एकच झालाय, जोडीतला दुसरा बाकी आहे. त्याच्यासाठी सोडलेल्या जागेत एक गादी मावते, असा शोध तुझ्या भावजयीनं लावलाय. तर रेकॉर्डिंगचं राहू दे. तूच ये. गादी घातली आहे.