तळहाताएवढी ओहोटी

हर्णै, १७ नोव्हेंबर २०२५

चि. कादिर यास अ. उ. दुवा.

फोनवर बोललेलं मला ऐकू येत नाही, म्हणून तू हाताने लिहून फोटो पाठवतोस, हे बरं करतोस. तुझ्या बहिणीचा, सादियाचा फोन डोळ्यांशी धरून दोनदा वाचलं; माझ्या पत्राचाही फोटो तीच पाठवील. सात वर्षं दुसऱ्याच्या हुकमाखाली दोर ओढलेस, आता मालकांनी त्यांची शिडाची यॉट जेद्द्याहून यान्बूला न्यायला तुझ्या हाती दिली. ऊर भरून आला. पण सूनबाई ताजुन्निसा आणि छोटी मेहेकही बोटीवर असणार, हे वाचून जेवण गेलं नाही.

ऐक. २० तारखेला अमावास्या. उधाणाची ओहोटी पुरुषभर पाणी काढून नेते. वाटेत कुठल्या खाडीत थांबलास तर आत शिरू नकोस, तोंडाशीच खोल पाण्यात नांगर टाक. अठ्ठावीस वर्षं गलबत चालवणारा तांडेल होतो. हौसेने आत गेलेली गलबतं चिखलात आडवी झालेली मी पाहिली आहेत. मालक घाई करील, करू दे. सुकाणू ज्याच्या हातात, त्याने कुणापुढे मान तुकवू नये.

नातीला पापा. खुशाली कळवत राहा, म्हणजे आम्ही जेवू.

तुझा,
अब्बा

*

यान्बूच्या अलीकडचं एक कोळीगाव, २१ नोव्हेंबर २०२५

आदरणीय अब्बांस, सलाम वि. वि.

आधी एवढं वाचा: आम्ही तिघं सुखरूप आहोत, बोटीला ओरखडाही नाही. आता बाकीचं.

काल दुपारी वारा वाढला, म्हणून तटरक्षकांना वायरलेसवर विचारून या खाडीत थांबलो. वीस-पंचवीस घरं, एक मशीद, वाळूवर ओढलेल्या होड्या. तुमच्या सांगण्याप्रमाणे तोंडाशीच नऊ वाव खोल पाण्यात नांगर टाकला. खाली प्रवाळाचा खडक. नांगर धरायचा आणि सुटायचा. तासाभरात बोट सरकत सरकत खडकांच्या रांगेपाशी आली. ताजुन्निसाने मेहेकला लाइफ जॅकेट घातलं आणि तिचा हात धरून दुवा म्हणत बसली.

इथे तांबड्या समुद्रात भरती-ओहोटी वीतभरच, असं नकाशात छापलं होतं. जेद्द्याच्या धक्क्यावर सात वर्षं मीही तेच पाहत होतो. पण वाटायचं, ते धक्क्याच्या आत. उघड्या किनाऱ्यावर अब्बांचंच खरं. तुमचं पत्र छापून मी त्या नकाशावरच ठेवलं होतं.

तेवढ्यात गावातून होडी आली. उसामा नावाचे म्हातारे कोळी यल्ला, यल्ला म्हणत आत बोलवत होते. मी ओरडून सांगितलं की अमावास्या आहे, ओहोटीला अडकेन. ते इतके हसले की हातातली दोरी पाण्यात पडली. मग त्यांनी त्यांच्या धक्क्याचा खांब दाखवला. त्यावरचा ओला पट्टा तळहाताएवढा. इथला समुद्र तेवढाच चढतो आणि उतरतो.

त्यांच्या मागोमाग आत गेलो. तीन वाव पाणी, खाली वाळू. नांगर बसला तो हललाच नाही. इंजिन बंद केलं आणि मेहेकचं लाइफ जॅकेट सोडलं. संध्याकाळी उसामाभाईंच्या घरून मासे आणि भात आला.

मेहेक म्हणते, हे दादाअब्बांना मी लिहिते, ते मला रागावत नाहीत. पण मीच लिहिलं. राग आला तर माझ्यावर काढा, लोभ मात्र आहे तसाच ठेवा.

आपला,
कादिर

*

हर्णै, २२ नोव्हेंबर २०२५

चि. कादिर यास अ. उ. दुवा.

सुखरूप असल्याची ओळ आधी लिहिलीस, हे तुझे उपकार. बाकीचं बसून वाचलं. सादिया पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभी होती.

राग आला आहे, पण माझाच. कुणापुढे मान तुकवू नको असं मी लिहिलं, आणि त्याच कागदावरून इथे बसल्या बसल्या तुझं सुकाणू धरलं. हर्णैचा चिखल तुझ्या समुद्रात नेऊन ओतला. बापाचा शब्द म्हणून समोर दिसणारं पाणी नाकारणं, असला मान मला नको. असल्या मानाने गलबतं फुटतात आणि वर बापाचं नाव राहतं. तू चूक लपवली नाहीस, माझीसुद्धा. माझा मान त्यातच राहिला.

बंदरावरच्या जुन्या तांडेलांना सांगितलं, तर ते म्हणाले पोरगा थापा मारतो. तेव्हा त्या खांबाचा फोटो पाठव, शेजारी मेहेकला उभी कर. उसामाभाईंना माझा सलाम सांग आणि विचार, भरतीच नाही तर वाळूवरची होडी पाण्यात लोटायची कशी? आमच्याकडे तर भरतीच उचलते. नीट विचारून सविस्तर लिही. या वयात नवा समुद्र शिकायचा म्हणतो.

लोभ आहेच. फक्त हे पत्र नकाशाखाली ठेव.

तुझा,
अब्बा