बुर्गेलचा कान

सन १५३१, संत मार्टिनच्या सणाचा दिवस. सकाळी नदीवर धुके होते. पाव आणला, चूल पेटवली, साक्षीदारांना बोलावले.

मी ओटिलिया रेहम, लाकडाच्या मूर्ती कोरणाऱ्या कै. फाइट रेहम यांची विधवा, राहणार उल्म. माझे डोके ताळ्यावर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. माझे वडील शाळामास्तर होते, म्हणून हे मी स्वतःच लिहीत आहे.

माझे शरीर नवऱ्याशेजारी पुरावे. नव्या धर्ममतामुळे मेलेल्यासाठी घंटा वाजवायला आता बंदी आहे, तेव्हा तो खर्च वाचला.

पिसांची गादी व तांब्याची भांडी शेजारीण क्रेसेन्झ हिला. तिने मला कधी धीर दिला नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

चुलीतली राख काढायची लोखंडी सुपडी आमच्या चर्चच्या नव्या उपदेशकांना. कारण पुढे येईल.

आमची मुलगी बुर्गेल लहानपणीच तापाने गेली. नवऱ्याने लिंडनच्या लाकडात संत बार्बरा कोरली आणि तिला बुर्गेलचा चेहरा दिला. बदकाने चावा घेतलेला डावा कानसुद्धा तसाच कोरला. ती मूर्ती आम्ही चर्चला दिली. या उन्हाळ्यात नगरसभेने मूर्तिपूजा पाप ठरवून चर्चमधल्या सगळ्या मूर्ती काढायला लावल्या आणि ज्यांच्या त्यांनी परत न्याव्यात असे सांगितले. मूर्ती घरातल्या पुरुषाच्याच हाती देत होते, म्हणून मी मुलगा योस याला पाठवले.

तो टोपलीभर फाटे घेऊन आला. "आई, सुके आहेत. पेज पटकन होईल."

"आणि बार्बरा?"

"तिथे गर्दी आहे. उद्या बघू."

मी फाटे चुलीत घातले, जवाची पेज केली, त्याला वाढली. टोपलीच्या तळाशी शेवटचा तुकडा राहिला होता. त्याच्यावर तो कान होता. मागाहून कळले, चर्चच्या अंगणात उपदेशकांसमोर योसने मूर्ती फोडली होती, रंग रंध्याने काढला होता. उपदेशकांनी त्याची पाठ थोपटली होती.

मी तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्याने खाणे थांबवले नाही.

"तुझ्याच हाताने घातलेस ना चुलीत? ओळखलेस का? नाही ना? मग लाकूडच होते ते, आई. पेज मात्र झकास झाली आहे."

म्हणून पुढील कलम.

घर, कामाची खोली आणि नवऱ्याच्या सर्व पटाश्या योसला मिळाव्यात. स्वतःची जागा व हत्यारे असल्याशिवाय कारागीर संघ त्याला उस्ताद करणार नाही, हे मला माहीत आहे. त्याचे लग्नही त्यावरच अडले आहे. अट एवढीच, की त्याने लिंडनच्या लाकडात बहिणीचा चेहरा कोरावा, आठवून. कान त्याला बघायला मिळणार नाही. तो माझ्या मुठीत ठेवून मला पुरावे. नवऱ्याचा जुना कारागीर आम्ब्रोस, ज्याला योसने मूर्तिपूजक म्हणून हाकलले, तो बुर्गेलला ओळखत होता. चेहरा जमला की नाही हे तो ठरवील. जमेपर्यंत योसने नवा ठोकळा घ्यावा.

चेहरा जमल्यावर योसने तो स्वतःच्या हाताने याच चुलीत घालावा, त्यावर पेज शिजवावी आणि आम्ब्रोससमोर बसून सगळी खावी. लाकूडच आहे, तेव्हा त्याला जड जाऊ नये.

नकार दिल्यास सर्व काही आम्ब्रोसचे.

हे वाचून दाखवल्यावर साक्षीदार मात्थेस म्हणाला, "ओटिलियाबाई, पोटचा मुलगा आहे हो."

"म्हणूनच. परक्यासाठी मी एवढा विचार केला नसता."

त्याने सही केली.

साक्षीदार : मात्थेस क्नोर, पावभट्टीवाला. हिल्डेब्रांट फाल्क, काचकाम करणारा.
सही : ओटिलिया रेहम
उल्म, वर सांगितलेल्या दिवशी.

साक्षीदार गेल्यावर हे लिहीत आहे. चूल विझत आली आहे. फाटे आणले आहेत. एकेक उचलते, दोन्ही बाजूंनी बघते, मग आत सारते.