लेकीच्या गाण्याचं कुलूप

३ मार्च
रीतसर विकत घेतलेलं गाणं, आणि नवा फोन म्हणतो — परवानगी नाही! माझ्याच लेकीचं गाणं ऐकायला परवानगी कुणाची?
जावयाला विचारलं. गाणी विकणाऱ्या कंपनीत तो हीच कुलपं घालतो. म्हणे, "आई, चोरी होऊ नये म्हणून. गाणं दर वेळी कंपनीला विचारून उघडतं."

४ मार्च
भाजी चिरताना विचार केला. चोर कुलूप फोडतात, हे जावईच सांगतो. म्हणजे चोर आत आणि विकत घेणारी मी बाहेर. मग कुलूप कुणासाठी?
तोंडावर बोलले. म्हणे, "मग हिची मेहनत फुकट वाटायची?"
नाही वाटायची. कबूल. पण मेहनतीचं मोल मिळायला कुलूपच हवं, हे कुठून आलं? पहिलं खरं म्हणून दुसरंही खपवतो!
लेक हसली, आवाज न करता. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच. पाटीवर लिहून बोलते. लिहिलं — "पुरे." कुणाला, ते नाही लिहिलं.

९ मार्च
कोपऱ्यावरच्या न्हाव्याने लेकीचं गाणं चोरलं! गिऱ्हाइकाच्या फोनवर वाजत होतं, ह्याने आपला फोन शेजारी धरून भरून घेतलं. जावई चार माणसांत त्याला चोर म्हणून आला. समोर पुसायला लावलं.
न्हावी चुकलाच. ते वेगळं. पण कानापर्यंत आलेलं गाणं कुलपात राहील कसं? अत्तर विकायचं आणि वास कोंडायचा — एवढा शिकलेला माणूस!

१२ मार्च
गुडघा. बाकी काही नाही.

१५ मार्च
न्हाव्याच्या दुकानावरून आले. आत लेकीचं गाणं चालू, कात्रीच्या कचकचीसकट. समोर पुसलं, पण दुसरी प्रत ठेवलीच होती मेल्याने! घरी बोलले नाही. जरा वेळ दुकानाबाहेरच उभी राहिले. गुडघ्यामुळे.

२ एप्रिल
जावयाची कंपनी बुडाली. परवानगी देणारं यंत्रच बंद. लेकीचं एकही गाणं कुठेच उघडत नाही. मूळ प्रतीही तिकडेच होत्या. 
न्हाव्याला निरोप धाडलाय — फोन घेऊन घरी ये. दारातच विचारेल — "चोराकडे काय काम काढलंत?" मी बोलणार नाही. लेकीकडे कुणी बघायचं नाही. उत्तर जावयाने द्यायचं.