शंभरातले पाच

प्रिय लवंगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील. सहा वर्षांत मी तुला साधा निरोप धाडला नाही, तूही मला नाही, आणि आज एकदम हातानं लिहिलेलं पत्र! घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. हादरलोय तो मी. काल सकाळपासून जो हादरलोय तो अजून ताळ्यावर आलेलो नाही. अक्षर वाकडंतिकडं येतंय, चालवून घे. फोन केला असता, पण तू नुसतं 'हॅलो' म्हणालीस तरी माझी वाचा बसेल, मला ठाऊक आहे.

आईचं मनगट मोडलं ते तुला तिनंच सांगितलंय. प्लास्टर निघालं, पण बोटं काही वळेनात. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो तिनं दुसऱ्याच दिवशी कंटाळून कपाटाखाली ढकलला. मग बाईंनी विचारलं, घरात एखादा व्हिडिओ गेम आहे का, बटणं दाबून बोटं छान मोकळी होतात. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे. तुझा कन्सोल तुझ्या टेबलावर तसाच आहे. आई दर आठवड्याला त्यावरचा टॉवेल काढते, धूळ पुसते आणि पुन्हा पांघरते. मी त्या खोलीत फारसा जात नाही.

काल सकाळी गेलो. टॉवेल काढला, वायर जोडली. आयुष्यात सायकलसुद्धा न चालवलेल्या तुझ्या आईनं निवड निवड निवडून गाड्यांच्या शर्यतीचा गेम निवडला. डाउनलोड सुरू केलं, तर पडद्यावर आलं, नऊ तास बाकी. अगं, नऊ तास! ती अक्षरं बघताच, असंच पडद्याकडे बघत बसलेली तू मला दिसलीस.

पण सवय जाते कुठे. एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस मी, नऊ तास ऐकून गप्प बसणार? राऊटर बंद करून चालू केला. कन्सोलमध्ये मागे एक जुना गेम उघडा होता, तो बंद केला, कारण तोही वेग खातो म्हणतात. वायर बदलली. कुठल्याशा मुलाखतीत ऐकलेले ते डीएनएसचे आकडेही बदलून पाहिले. नऊ तासांचे आठ तास छप्पन्न मिनिटं झाले. शेवटी कन्सोलची वायर काढून लाईनचा वेग मोजायच्या माझ्या मीटरला लावली. मीटर म्हणाला, शंभर. भरभरून शंभर! वायर परत कन्सोलला लावली, की पुन्हा गोगलगाय, पडद्यावर वेग जेमतेम पाच. मी आईला म्हटलं, बघ, लाईन खणखणीत आहे, खोट या डब्यातच आहे. आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "त्या दिवशीही तुम्ही हेच केलं होतंत." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या दिवसाचं मी तुला काय सांगावं! चार वाजता तुझी निवड चाचणी, गेम खेळणाऱ्या पाच जणांच्या संघात एकच जागा रिकामी, आणि सकाळी नऊला गेमची नवी आवृत्ती आली. ती उतरवल्याशिवाय आत घेणार नव्हते. तू जेवलीही नाहीस. चार वाजले तेव्हा पडद्यावर एकतीस टक्के होते. तू रडत म्हणालीस, बाबा, आपली लाईन खराब आहे, वर्षभर सांगतेय मी. माझी लाईन खराब! मी लगेच मीटर आणला, वायर लावली, शंभर दाखवले आणि तुझी चाचणी बघायला आलेल्या मैत्रिणीसमोर म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. खोट डब्यात नाही, तुझ्यातच आहे. हे शब्द मी विसरलो नाही बरं का. महिनाभरात तू बॅग भरलीस. मी अडवलं नाही, वाटलं, येईल रुसवा गेला की.

काल मात्र आईचं ते वाक्य मला बसू देईना. माझ्या मीटरला शंभर मिळतात, तुझ्या डब्याला नाही, मग डबा तरी इतका नेमका पाचावरच का अडतो? डब्यात बिघाड असता तर वेग खाली-वर झाला असता. हा तर मोजून दिल्यासारखा. म्हणून राऊटरचं पान उघडलं. त्यात घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी असते. आईचा फोन, माझा फोन, टीव्ही, आणि खाली डब्याला तू स्वतः दिलेलं नाव, 'लवंगी'. त्याच्यापुढे लिहिलं होतं, मर्यादा पाच. शंभरातले पाच. खाली तारीख होती, तुझ्या शेवटच्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधीची.

लवंगे, ती मर्यादा मीच घातली होती गं. मीच!

चोर पकडायला निघावं आणि माल आपल्याच खिशात सापडावा, तसं झालं. सगळं आठवलं. परीक्षेच्या आधी तू रात्रंदिवस खेळायचीस. गेम बंद केला असता तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, म्हणून म्हटलं, पंधरा दिवस नुसता हळू करू, आपोआप कंटाळेल आणि पुस्तक धरेल. परीक्षा झाली, तू चांगले गुण आणलेस, आणि मी ते पार विसरलो. तू वर्षभर कुरकुरत होतीस, आणि मी म्हणत होतो, हल्ली गेमच मोठे झालेत. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते मीच वाकडं करून वर तुला नाचता येत नाही म्हणालो.

तुला माझ्या कामाचा नियम माहीत आहे. लहानपणी तो तू पाढ्यासारखा म्हणायचीस. कुणीही एखादी लाईन बंद केली किंवा अडवली, तर तिथे लाल टॅग लटकवायचा, त्यावर तारीख, कारण आणि सही. आणि ज्यानं लावला, त्यानंच काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकतीस वर्षांत माझा एकही टॅग लावायचा किंवा काढायचा राहिला नाही. ही एकच लाईन मी टॅगशिवाय अडवली. विसरून नाही, मुद्दाम. टॅग लावला असता तर तुला कळलं असतं.

मर्यादा काढली. नऊ तासांचं काम सत्तावीस मिनिटांत झालं. म्हणजे त्या दिवशी तुझं सव्वा तासात झालं असतं. हे गणित मी चार वेळा करून पाहिलं, उत्तर बदलत नाही.

मग आई शर्यत खेळायला बसली. गाडी सारखी कुंपणावर धडकवत होती आणि स्वतःच हसत होती. मी तिच्याशेजारी बसून सगळं कबूल केलं. वाटलं, ही आता मला फाडून खाईल. तर पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "तिला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशीच तिनं ते पान उघडून पाहिलं होतं." मी विचारलं, मग तिनं काढलं का नाही? मला सांगितलं का नाही? आई म्हणाली, "तुमच्याच नियमानं. म्हणाली, ज्यानं लावलं त्यालाच काढू दे, आणि आई, तू मध्ये पडलीस तर माझी शपथ."

म्हणजे सहा वर्षं तू दर रविवारी आईला फोनवर विचारतेस, "बाबांनी लाईन तपासली का?", तो टोमणा नव्हता तर. मी दरवेळी चिडून टीव्हीचा आवाज वाढवायचो, आणि आई तुला सांगायची, नाही अजून. एवढी वाट पाहिलीस तू माझी. आणि मी मीटर घेऊन मिरवत होतो.

या रविवारी आई तुला 'हो' म्हणेल, पण ते तिनं सांगण्याआधी मी सांगायला हवं, म्हणून हे पत्र. चूक माझी होती, आणि खोट तुझ्यात कधीच नव्हती. मला माफ कर, असं लिहायला मी काल दुपारपासून बसलोय. सोबत एक लाल टॅग आहे, निवृत्त झालो तेव्हा खणात राहिलेला. कारणापुढे मी खरं कारण लिहिलंय. लावल्याची तारीख आणि सही माझी, काढल्याची तारीख आणि सही माझी. तिसरा रकाना लाईन पुन्हा नीट सुरू झाल्याची खात्री करणाऱ्याचा असतो, आणि त्या माणसानं जागेवर येऊन, स्वतः तपासूनच सही करायची असते. तो कोरा ठेवलाय. येताना टॅग घेऊन ये, पेन इथे आहे.

तुझी वाट पाहणारा, तुझाच,
बाबा