बाळाच्या मानेवरचा लाल रंग

प्रिय दादा,

फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणाले खरी, पण ते खोटं होतं. सकाळपासून चार ओळी लिहितेय आणि फाडतेय. आधी कामाचंच सांगते, म्हणजे हात तरी चालेल.

आमच्याकडे एक जुना रंगीत सिनेमा आलाय, लोकांना घरी बघता यावा म्हणून दुरुस्त करायला. आई लग्नानंतर ज्या स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची, तिथलाच. निळा-हिरवा रंग उडून सगळं लालभडक उरलंय. आकाश लाल, झाडं लाल, माणसं भाजल्यासारखी. खरे रंग कोण सांगणार? म्हणून लॅपटॉप घरी आणला आणि आईला शेजारी बसवलं. काय खुलली रे! पडदे पोपटी होते, नायकाचा कोट राखाडी, आणि त्याच्या पोटापायी तो दोनदा उसवावा लागला, हे सांगताना हसून हसून तिला ठसका लागला.

मग स्टेशनचा प्रसंग आला. गर्दीत एक बाई बाळाला कडेवर घेऊन उभी आहे. मी लाल रंग उतरवत गेले, सगळं हळूहळू माणसात आलं, पण बाळाच्या मानेवरचा चट्टा लालच राहिला. डाव्या कानाखाली, लांबट. ज्याच्यावरून मी तुला 'शिक्का' म्हणून चिडवायचे, तोच. मी ओरडलेच, "अगं, हा तर दादा! शूटिंगला दिलं होतंस होय त्याला?" आई म्हणाली, "फिल्मवरचा डाग आहे तो. पुसून टाक."

दादा, फिल्मवरचा डाग एका चित्रात दिसतो, पुढच्यात नसतो. हा बाळाबरोबर हलत होता. तसं म्हटल्यावर ती उठली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. मला काही कळेना. पुसू की ठेवू? ऑफिसात तेच चित्र मागेपुढे करत बसले. त्या बाईची हनुवटी निरखून बघितली आणि मग बघायचीच भीती वाटायला लागली.

परवा आई आपणहून बोलली. "माझी मैत्रीण ती. गर्दीतली कामं करायची. एकटीच होती. तुझ्या दादाला तिनं जन्म दिला आणि सिनेमा पुरा व्हायच्या आत तापानं गेली. मी त्याला घरी आणलं. तुझे बाबा म्हणाले, आता हा आपलाच. मग सांगायचं राहूनच गेलं." राहून गेलं म्हणे! जसं काही दूध आणायचं राहिलं. राग यावा की रडू, तेही मला ठरवता येईना. मग तू माझा कोण, असं क्षणभर मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

चट्टा मी पुसलेला नाही. सिनेमा लवकरच घरोघरी दिसेल. एखाद्या रविवारी तुझ्याच घरात, मुलांबरोबर बसलेला असताना तो अचानक तुझ्यासमोर येऊ नये, म्हणून हे लिहितेय. आईनंच लिही म्हणून सांगितलं. तिला स्वतःला फोन उचलवत नाही. आता तू तिला काय म्हणून हाक मारशील, एवढंच ती सारखं विचारते. ये तू. रागावलेला असलास तरी ये. आणि जमलं तर दारातूनच हाक मार, म्हणजे तू चपला काढेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायला नको.

तुझीच,
भोचक बहीण